जुनी मारुती ८००: ठेवायची, विकायची की मोडीत काढायची?
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या गाडीमालकांसाठी खर्चाचा पूर्ण हिशेब

बदलापूर किंवा अंबरनाथ स्टेशनबाहेर सकाळच्या लोकलच्या वेळी एकेकाळी मारुती ८०० हमखास दिसायची. कुणी नवऱ्याला सोडायला आलेली, कुणी मुलीला घ्यायला. आता त्या गर्दीत ती क्वचितच सापडते. पण जुन्या सोसायट्यांच्या मागच्या बाजूला गेलात, किंवा उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या गल्ल्यांत शिरलात, की ती भेटते. अंगावर फाटकं कव्हर, टायर बसलेले, बॉनेटवर वाळलेला पाला. गाडी गेलेली नाही, पण चालतही नाही. मालकाने काही ठरवलेलंच नसतं.

हा लेख त्या मालकासाठी आहे. जुन्या गाडीची नूतनीकरण फी वाढल्याची बातमी वाचून अनेकांनी गाडी तशीच सोडून दिली आहे. मात्र हिशेब मांडला, की फीपेक्षा न ठरवणं महाग पडतं हे दिसतं. गाडी ठेवा, विका किंवा रीतसर मोडीत काढा. तिन्ही वाटा परवडतात, फक्त एक वाट वेळेत धरायला हवी.

ही गाडी रस्त्यावरून का ओसरली

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. १८ जानेवारी २०१४ रोजी तिचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे तिची विक्री त्याआधीच संपत आली होती. १ एप्रिल २०१० पासून मुंबईसह १३ शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या शहरांत नवी ८०० विकणं बंद झालं. त्यामुळे मुंबईच्या परिसरात पहिल्या मालकाने घेतलेल्या बहुतेक ८०० आज १५ वर्षांच्या पुढे आहेत, आणि २००५ किंवा त्याआधीच्या गाड्या विशीही ओलांडून गेल्या आहेत. फीचे दोन टप्पे नेमके याच दोन वयांवर ठरतात. तेव्हा आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख आधी बघा. पुढचा सगळा हिशेब तिच्यावरून निघतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आरटीओच्या दप्तरातली गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरची संख्या एक नसते. गाडी भंगारवाल्याने तोडून नेली तरी मालकाने नोंदणी रद्द करून घेतली नाही, तर कागदावर ती जिवंतच राहते. तुमच्या गाडीची अशी कागदी पिशाच्चयोनी होऊ देऊ नका. त्याची कारणं पुढे येतीलच.

१५ वर्षं झाली म्हणजे भंगार, असं नाही

दिल्ली परिसरातल्या नियमांच्या बातम्या ऐकून इथेही लोक घाबरतात. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अशी मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडी निरीक्षकाला दाखवून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. गाडी तपासणीत उतरली, तर तिसाव्या वर्षीही ती रीतसर रस्त्यावर धावू शकते.

मात्र पुढच्या काळावर नजर ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने एक समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवणं शक्य आहे का, हे तिने तपासायचं होतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं याच प्रदेशात येतात. म्हणून जुन्या गाडीवर एकदम मोठा पैसा ओतण्याआधी पुढच्या पाच वर्षांचाच विचार करा, पंधराचा नको.

सरकारी खर्च, ओळीने

आपल्या तिन्ही शहरांचं काम कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच-०५ मध्ये चालतं. खर्चाचे तुकडे असे:

नोंदणी नूतनीकरण: १५ वर्षांवरच्या मोटारीसाठी ५,००० रुपये. हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे, त्याआधी तो ६०० होता. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० रुपये.

पर्यावरण कर: १५ वर्षांवरच्या खासगी पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,००० रुपये. डिझेलला ३,५००.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची. चारचाकीला ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून ८७९. ही प्लेट नसेल तर आरटीओतली बाकीची कामं अडतात, म्हणून सुरुवात इथूनच करा.

पीयूसी: पेट्रोल चारचाकीला १२५ रुपये. ८०० सारख्या जुन्या निकषांच्या गाडीला दर सहा महिन्यांनी काढावी लागते, म्हणजे वर्षाला २५०.

थर्ड पार्टी विमा: १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, जीएसटी धरून सुमारे २,४७१. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षणही लागतं. दुसऱ्या पॉलिसीत ते आधीच असेल, तर इथे पुन्हा पैसे भरू नका.

आता बेरीज. समजा, तुमची गाडी २०१० ची आहे आणि तिचं पहिलं नूतनीकरण आलं आहे. पाच हजार, तीन हजार, ८७९, २५० आणि २,४७१ मिळून पहिल्या वर्षी सुमारे ११,६०० रुपये लागतील. पण यातला मोठा भाग पाच वर्षांतून एकदाच येतो. तो पाच वर्षांवर वाटला, तर वर्षाला साधारण ४,५०० पडतात. म्हणजे महिन्याला ३७५.

गाडी २० वर्षांवरची असेल तर पहिल्या वर्षी १६,६०० लागतील. पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला ५,५००. एवढ्या गाजलेल्या फीवाढीने वर्षाला हजार रुपयांचा फरक पडला. अनेक घरांनी तेवढ्यासाठी चालती गाडी उभी करून ठेवली आहे, हे बघून वाईट वाटतं. फी भरण्यापूर्वी परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून त्या दिवशीचा आकडा पाहून घ्या. एजंटकडून काम करून घेतलं, तर सरकारी पावत्या आणि त्याची मजुरी वेगवेगळी मागा.

उशीर झाला तर

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याआधी ६० दिवसांपर्यंत करता येतो. मुदत उलटली की मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढतं. आकडा लहान वाटतो, पण तीन वर्षांत तो १८,००० होतो. एखाद्या ८०० ची बाजारातली किंमतही तेवढी भरत नाही.

मुदत संपलेली गाडी चालवताना पकडलं गेलं, तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा नसेल तर २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,०००. पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० पर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. विमा नसताना अपघात झाला आणि समोरच्याला इजा झाली, तर भरपाई घरातून द्यावी लागते. तिथे दंडाची रक्कम किरकोळ ठरते.

गॅरेजमध्ये खरा खर्च कुठे आहे

इंजिनाची काळजी सर्वांत कमी करा. ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन मारुती ओम्नीमध्येही होतं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. म्हणून गॅस्केट, प्लग, क्लच प्लेट, वॉटर पंप अशा वस्तू कल्याण-उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अजून सहज मिळतात आणि त्या बसवणारे मिस्त्रीही आहेत. अडतं ते बाहेरच्या वस्तूंवर: दरवाज्याची रबर बीडिंग, हँडल, दिव्यांचे संच, डॅशबोर्डचे तुकडे. त्यासाठी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात एक फेरी होते. संख्या घटलेल्या गाडीचं दुखणं हे असं असतं. चालवणारे भाग टिकतात आणि दिसणारे भाग दुर्मीळ होतात.

छोट्या गॅरेजमधले साधारण दर पुढे दिले आहेत. हे अंदाज आहेत, दोन ठिकाणी विचारून ताडून पाहा:

ऑइल, फिल्टर, प्लग आणि मजुरी: २,००० ते ३,००० रुपये.
बॅटरी: ३,५०० ते ४,५००.
ब्रेकचं काम, पुढचं-मागचं: १,५०० ते ३,०००.
क्लच, मजुरीसह: ३,००० ते ५,०००.
१२ इंची चार टायर: ९,००० ते १२,०००.
पत्राकाम आणि रंग: १०,००० पासून पुढे, आणि याला वरची मर्यादा नाही.

शेवटची ओळ निर्णायक आहे. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा इंजिनाआधी पत्रा खाते. गाडी बघायला मिस्त्रीला न्याल तेव्हा चार जागा दाखवायला सांगा: बॅटरीखालचा ट्रे, पुढचे सस्पेन्शन जिथे वर बसतात तो भाग, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा आणि दरवाज्यांखालची पट्टी. स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा टणक लागला, तर गाडी ठेवण्यासारखी आहे. सस्पेन्शनच्या मुळाशीच पत्रा सडला असेल, तर वर पुटी आणि रंग मारून घेऊ नका. गाडी चकचकीत दिसेल, पण खड्ड्यात आदळल्यावर ती तुम्हाला सांभाळणार नाही.

तपासणीला नेण्याआधी टायर, ब्रेक, सगळे दिवे, हॉर्न, वायपर आणि सीट बेल्ट नीट करून घ्या. चासी नंबरवर गंज चढला असेल तर तो हलक्या हाताने साफ करा, घासून पुसू नका. पीयूसीला गाडी गार इंजिनाने नेऊ नका. एअर फिल्टर बदला, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर ट्यूनिंग करा आणि दहा-पंधरा मिनिटं चालवून मग केंद्रावर न्या.

पेट्रोल, इथेनॉल आणि गॅस

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले रबर त्यामुळे लवकर कडक होतात किंवा चिरतात. इंधनाच्या सगळ्या नळ्या एकदा नव्या टाकून घ्या. खर्च शेकड्यांतला आहे आणि गळतीने आग लागण्याचा धोका टळतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नका.

या गाडीचा आपल्याकडे वापर किती? नोकरीला लोकल आहे. गाडी लागते ती रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला, म्हाताऱ्या आई-वडिलांना शिवमंदिराला किंवा टिटवाळ्याला न्यायला, महिन्याच्या किराण्याला. महिन्याला ३०० किलोमीटर आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं, तर २० लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या थोडं वर.

गाडीत सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल, तर त्याची आरसीवर नोंद आहे का ते बघा. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. नोंद नसलेलं किट अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आड येतं, आणि चाचणी न झालेली टाकी मागच्या सीटवरच्या माणसांच्या पाठीशी असते.

बाबांच्या नावावरची गाडी

अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी बहुधा हीच असे. तो माणूस गेला, गाडी राहिली आणि आरसीवर नाव त्याचंच राहिलं. अशा घरांसाठी नियम स्पष्ट आहे. मालकाच्या निधनानंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. वर्षं उलटली असतील तरी हे काम आधी करा. नाव बदलल्याशिवाय नूतनीकरण, विक्री आणि मोडीत काढणं, या तिन्ही गोष्टी अडकतात.

दुसरी जुनी गाठ बँकेच्या बोजाची. कर्ज २००६ मध्येच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेकडून ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन ते उतरवून घ्या. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर आताच्या बँकेच्या शाखेत अर्ज द्या. या कामाला आठवडे लागतात. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी ते हातात घ्या.

विकायची असेल तर, घ्यायची असेल तर

विकताना एक चूक जवळपास सगळे करतात. नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी मध्यस्थाला देऊन मोकळे होतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला, की हस्तांतर झालेलं नसेल तर आरसीवर नाव असलेला माणूसच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी चार हातांतून गेली असली तरीही. म्हणून विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि नाव बदललं का ते पोर्टलवर स्वतः बघा.

घेणाऱ्याने आपल्याकडे एक तपासणी चुकवू नये, ती पुराची. २६ जुलै २००५, जुलै २०१९ आणि जुलै २०२१ च्या पावसात उल्हास नदी बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात शिरली होती. वालधुनी नदीच्या काठचा उल्हासनगरचा भागही पाण्याखाली जातो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत चिखलाची रेघ दिसते का. कार्पेट उचलून गाळ शोधा. सीटखालच्या वायरिंगचे जोड हिरवट झाले असतील, तर गाडी बुडालेली आहे. ती स्वस्तातही घेऊ नका.

मोडीत काढायची असेल तर

गल्लीतला भंगारवाला रोख पैसे देतो आणि गाडी तासाभरात नेतो. पण नोंदणी तुमच्याच नावावर राहते आणि तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर लागला, तर ई-चलन किंवा पोलिसांची विचारणा तुमच्याच दाराशी येते. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं.

सरकारमान्य वाहन मोडीत केंद्रात गाडी द्या. आधी थकलेली चलनं भरा आणि बोजा उतरवा. केंद्राकडून दोन कागद मिळतात: गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र आणि मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र. पहिलं जपून ठेवा. ते दाखवून नवी गाडी घेतलीत, तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि राज्य सरकारच्या सवलतीप्रमाणे मोटार वाहन करात सूट मिळते. पैशाची अपेक्षा मात्र वजनावर ठेवा. ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. किलोला २० रुपये धरले तर १३,००० आणि २५ धरले तर सव्वासोळा हजार होतात. दोन केंद्रांचा भाव विचारा आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते स्पष्ट करून घ्या.

मग ठरवायचं कसं

चालती, पत्रा शाबूत असलेली आणि कागद नीट असलेली ८०० ठेवली, तर सरकारी खर्च महिन्याला ३७५ ते ४६० रुपये, पेट्रोल दोन हजार आणि देखभालीचे हजार-बाराशे. एकूण साडेतीन ते पावणेचार हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्यावर नव्या छोट्या मोटारींच्या किमती शोरूममध्ये साडेतीन-पावणेचार लाखांपासून सुरू झाल्या. तीन लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ताच ६,३०० च्या आसपास येतो. पेट्रोल आणि विमा त्याच्या वर. महिन्याला ३०० किलोमीटर चालवणाऱ्या घराला पैशाच्या हिशेबात जुनी गाडीच परवडते.

पण पैसा हा एकच हिशेब नाही. ८०० मध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. काटई-बदलापूर रस्त्यावर डंपरच्या शेजारून रोज जायचं असेल किंवा सुट्टीला लहान मुलांना घेऊन द्रुतगती मार्गाने पुण्याला जायचं असेल, तर ही गाडी त्या कामाची नाही. तिथे जास्तीचा हप्ता भरणं शहाणपणाचं. शहरातल्या शहरात, चाळिसाच्या वेगाने, सीट बेल्ट लावून चालवणाऱ्या घरासाठी ती अजून चांगली सोबत देते.

ढोबळ नियम असा. पत्रा शाबूत आणि पुढच्या वर्षभराची दुरुस्ती वीस हजारांच्या आत असेल, तर नूतनीकरण करा. पत्रा शाबूत पण गाडी लागतच नसेल, तर मुदत संपण्याआधी रीतसर विका, कारण कागद जिवंत असलेल्या गाडीलाच गिऱ्हाईक मिळतं. सस्पेन्शनच्या मुळाशी पत्रा सडला असेल किंवा विलंब शुल्क गाडीच्या किमतीच्या वर गेलं असेल, तर मोडीत काढा.

आरसी कपाटातून काढा आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते वाचा. त्या तारखेच्या सहा महिने आधीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मिस्त्रीला त्या आठवड्यात बोलवा आणि पत्रा टोचून बघायला सांगा. त्याचं उत्तर काहीही आलं, तरी विलंब शुल्काचा एक रुपयाही न भरता गाडीचा निर्णय तुमच्याच हातात राहील.